गहू सोडण्याआधी रक्त तपासा

‘पोट बिघडत असेल तर महिनाभर गहू सोडा, बरे वाटले की सिलिॲकच समजा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. सिलिॲक म्हणजे ग्लुटेन या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होण्याचा आजार. बरे वाटणे हा त्याचा पुरावा नव्हे. गव्हातल्या फ्रुक्टनसारख्या शर्करेनेही पोट फुगते.

सिलिॲकसाठीच्या टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीत दिसणारी प्रतिद्रव्ये ग्लुटेन पोटात जात असेल तरच टिकतात. गहू बंद केला की ती उतरतात, आतड्याचे अस्तर सुधारते आणि बायोप्सीही निर्दोष येऊ शकते. मग निदानासाठी गहू पुन्हा खावा लागतो: रोज निदान 3 ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे एक-दोन पोळ्या, 2 ते 8 आठवडे. हा त्रास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोसावा. त्याआधी डीक्यू2, डीक्यू8 ही जनुके पाहता येतात. त्या तपासणीसाठी गहू खावा लागत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, ती कितीतरी निरोगी माणसांतही असतात.

आमच्या कोयना खोऱ्यात भात-नाचणीचे जेवण. ‘गहू खातो’ म्हणणाराही कधी सणावारीच पोळी खातो, आणि अशा वेळी निर्दोष रिपोर्ट फसवा ठरू शकतो. तेव्हा पोळ्या किती खाता, ते डॉक्टरांना मोजून सांगा. एकूण आयजीएही तपासून घ्या. ते मुळातच कमी असेल तर टीटीजी-आयजीएवर विसंबता येत नाही.

निदान पक्के झाल्यावरचे पथ्य वेगळेच कडक. गव्हामागून त्याच गिरणीत दळलेली नाचणी, थालीपिठाची भाजणी, डबीतला मैदामिश्रित हिंग, सगळेच वर्ज्य. एवढे आयुष्यभर पाळायचे, तर आधी खात्री करून घ्या.

एक वाचक, कोयनानगर