जुने ते सोने, पण पाखडून घ्यावे

मंडळी, पारावर चार वडीलधारी माणसे बसली की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. "आमच्या वेळी असं नव्हतं." पाऊस मृगालाच यायचा, भाकरीला चव होती, माणूस माणसाला धरून होता. ऐकायला गोड वाटते. त्यात खोटे कोणी बोलत नाही, पण सगळेही कोणी सांगत नाही.

सुपात धान्य पाखडले की दाणा राहतो आणि फोल उडते. मन पाखडते तेव्हा गोड तेवढे सुपात राहते आणि कडू वाऱ्यावर जाते. मनाचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. वाईट प्रसंगाची धार चांगल्यापेक्षा लवकर बोथट होते. शिवाय उतारवयात माणसाला जास्त आठवतात ते दहा ते तीस वर्षांच्या वयातले दिवस. त्या वयात गुडघे दुखत नव्हते, भूक कडकडून लागत होती. मग भाकरी गोड लागणारच!

आता जुनी पायविहीर घ्या. घडीव दगड, गार पाणी, पायऱ्यांवर बायकांच्या गप्पा. पण त्याच पायऱ्यांनी अनेक गावांत नारू घरोघर नेला. नारूची जखम झालेला पाय पाण्यात बुडाला की जंताची पिल्ले पाण्यात सुटत. बारीक जलकिडे ती गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून साधारण वर्षाने हातभर लांब जंत बाहेर येई. ऐन पेरणीत धडधाकट गडी महिना-महिना अंथरुणाला खिळे. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्या बंद करणे, हातपंप बसवणे अशा उपायांनी हा रोग हटला. देशातला शेवटचा रोगी 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज गप्पांत विहीर आठवते, नारू आठवत नाही.

1972 च्या दुष्काळाचेही तसेच. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज साठी ओलांडून गेला आहे. तो हसत सांगतो, खडीच्या कामावर सुकडी मिळायची, काय गोड लागायची! त्याच्या आईला विचारा. तिला मिलोची लाल भाकरी आठवते, झोळीतले पोर सावलीला टांगून दिवसभर फोडलेली खडी आठवते, दावणीची रिकामी झालेली जागा आठवते. दुष्काळ एकच, घर एकच, आठवणी मात्र दोन. दोन्ही खऱ्या. म्हणून घरातली गोष्ट एकाच तोंडून ऐकू नये.

एवढे कशाला सांगायचे? कारण आठवणीची काठी होते, आणि ती बहुधा सुनेच्या पाठीवर पडते. "आमच्या बायका पहाटे उठून दोन पायली दळायच्या, कधी कुरकुरल्या नाहीत." हे सांगणारा तेव्हा पांघरुणात होता. जात्याच्या ओव्या त्याने झोपेत ऐकल्या. हाताचे फोड त्याला दिसले नाहीत. ओवी गोड होती हे खरे, पण पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जाते कोपऱ्यात सारायला त्या बायकांनी किती वेळ लावला, हेही विचारावे.

याचा अर्थ जुने टाकून द्या असा नाही. सावड होती, बांधावर झाडे होती, अडीनडीला शेजारी धावत होता. ते जपायला हवे, हरवले असेल तर परत आणायला हवे. म्हणून वडीलमाणसांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसून दोन प्रश्न विचारा. "आजोबा, त्या दिवसांतलं काय परत यावं असं वाटतं?" आणि "आजी, काय परत येऊ नये?" दुसऱ्या प्रश्नाला त्या थोडा वेळ गप्प बसतील. घाई करू नका.

आणि आपल्यापुरते एक करा. घरात एक वही ठेवा. पहिला पाऊस कधी झाला, पेरा कधी केला, किती पिकले, काय भाव मिळाला, कोण आजारी पडले, औषधाला काय लागले, सगळे तारीख घालून लिहा. वीस वर्षांनी तुम्हीही म्हणालच, "आमच्या वेळी असं नव्हतं." तेव्हा नातवाच्या हातात वही असू द्या.