साखर रक्तात, गंज पायांत

वाचकहो, आपल्या घरी वडीलधाऱ्या माणसाला 'साखर' झाली की आपण प्रथम काय करतो? त्याला बसवतो. "आई, तू उठू नकोस, मी आणते." "पप्पा, बाजारात तुम्ही कशाला? मी जातो ना!" ह्याला आपण सेवा म्हणतो. माझ्या मते ही प्रेमाने लादलेली पांगुळगत आहे.

दुसरी खोड आकड्याची. सकाळी बोट टोचून यंत्रावर किती आले, ह्याची चौकशी घरभर होते. पण हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते का, दोन जिने चढता येतात का, हे कोण विचारतो? आकडा औषधाने उतरेल; पायांतले बळ गोळीने येत नाही. आणि बळ गेले की बाजार सुटतो, सिनेगॉग सुटते, नातवंडांमागे धावणे सुटते. माणूस जगतो, पण जगणे खिडकीपाशी उरते.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत व्यायामाने हृदयविकार कमी झाला नाही. खरे आहे. 'लुक अहेड' ह्या नावाची, पाच हजारांहून अधिक मधुमेह्यांची ती पाहणी २०१२ साली त्याच कारणाने थांबवली गेली. पण त्याच पाहणीत, व्यायाम करून वजन उतरवणाऱ्यांत, चार वर्षांत हिंडणेफिरणे मंदावण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटला. हे आपण का सांगत नाही?

"आमच्या रक्तातच आहे," ही आपली आवडती सबब. भारतीय वंशाच्या लोकांना हा रोग कमी वजनावर व लवकर गाठतो, हे मान्य. परंतु चेन्नईच्या डॉक्टरांनी २००६ साली दाखवले की मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांत नुसते रोजचे चालणे व जेवणावरील ताबा ह्यांनी तीन वर्षांत रोगाचे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक घटले. हालणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो. आणि रक्ताचा दाखला द्यायचाच तर पुरा द्यावा: कोकणात घाण्यावर राबणारे आपले शनवार तेलीही ह्याच रक्ताचे होते!

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारी मेहनत सांगते. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, खिशात गोड काही ठेवावे, पायांत नीट बूट घालावेत. एवढे पथ्य पुरे.

शब्बाथला काम वर्ज्य आहे, चालणे नव्हे. लोद, रामला, दिमोना, कुठेही राहा. दुपारच्या जेवणानंतर आईवडिलांना पलंगाकडे नेऊ नका, दाराबाहेर न्या. त्यांच्या हातातली हलकी पिशवी हिसकावू नका. त्यांना चालू द्या, आणि तुम्हीही बरोबर चाला. उद्या तुमची पाळी आहे.