विश्लेषण : जखम लाल होते, सुजते आणि शांतही होते, हे कोण ठरवतं?

बिद्रीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या शिवारात कोयते चालू लागतात. उसाच्या पाल्याची कड करवतीसारखी असते. दिवसभरात हातापायांवर किती ओरखडे उठले, हे कुणी मोजत नाही. बहुतेक ओरखडे थोडे लाल होतात, ठणकतात आणि काही दिवसांत भरून येतात. या मागे शरीरातली एक जुनी यंत्रणा आहे.

पहिला पहारेकरी

त्वचेच्या पेशी आणि ‘न्यूट्रोफिल’ नावाच्या पांढऱ्या पेशी प्रथिनांचे छोटे तुकडे तयार करतात. हे आहेत सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइड. माणसातलं सर्वाधिक अभ्यासलेल्यांपैकी एक म्हणजे ‘एलएल-३७’. ते ३७ अमिनो आम्लांचं असतं. त्यावर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ते आवरणाला चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं.

मारणं हे अर्धंच काम

एलएल-३७ आणखी पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतं. त्यातून दाह, म्हणजे लाली, सूज, ठणका वाढतो. पण मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातून सुटणारं विष शरीराला भडकवू शकतं. हेच पेप्टाइड त्या विषाला बांधून ठेवतं आणि दाह आवरतं. नव्या रक्तवाहिन्या आणि नवी त्वचा तयार व्हायलाही त्याची मदत होते.

तोल गेला तर?

सोरायसिसच्या रुग्णांत एलएल-३७ जास्त प्रमाणात असतं. ते आपल्याच पेशींच्या डीएनएला चिकटतं आणि शरीर त्या डीएनएला शत्रू समजतं, असं २००७ मध्ये दिसून आलं. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ असं सांगणारे फॉरवर्ड वाचताना एक प्रश्न विचारा : वाढवायचं नेमकं काय? प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त चालली, तरी माणूस आजारी पडतो.

मग याचं औषध का नाही?

प्रयत्न झाले. १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांनी बेडकाच्या त्वचेत ‘मॅगेनिन’ शोधलं. त्यावर आधारलेलं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांसाठीचं मलम १९९९ मध्ये अमेरिकेत मंजुरीविना राहिलं. २०१७ मध्ये केरळमधल्या बेडकाच्या त्वचेतलं ‘उरुमिन’ काही फ्लू विषाणूंवर चालतं, असं तिरुवनंतपुरम आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण ते प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. शरीरातली विकरं असे पेप्टाइड लवकर तोडतात आणि मात्रा वाढवली तर आपल्याच पेशींना इजा होऊ शकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ

ओरखडा स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, झाका. खोल किंवा मातीने भरलेली जखम असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला किंवा मधुमेह असेल, तर वाट पाहू नका.

आणि मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडची क्रीम जखमेवर किंवा गजकर्णावर लावू नका. लाली लगेच ओसरते, कारण ती क्रीम दाहच दाबते. जंतू मात्र तिथेच राहतात आणि पसरतात. म्हणूनच लाली गेली म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका.