शाहीर साबळे आणि आपली झाकरी

गेल्या सुट्टीत आम्ही दुबईच्या अल मनखूल भागात नातलगांकडे उतरलो होतो. नोकरीसाठी आपल्या बेटावरून तेथे गेलेले हे कुटुंब. सायंकाळी शेजारच्या मुंबईकर बिऱ्हाडातून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत ऐकू आले. घरातील मुलाने विचारले, "मामा, हे कोण गातात?" आम्ही शाहीर साबळे हे नाव सांगितले; पुढे काय सांगावे ते सुचेना. शिक्षक असून आम्हांला त्याची लाज वाटली. म्हणून आज हे चार शब्द.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या पसरणी गावी झाला. शालेय शिक्षण बेताचेच. बालपणी अमळनेरला असताना त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गाणे हे लोकजागृतीचे साधन आहे, हा धडा त्यांनी जन्मभर जपला. वर उल्लेखिलेले गीत राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. पण घराघरांत पोहोचला तो शाहिरांचा आवाज. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी ते निवर्तले. २०२३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, हे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे 'महाराष्ट्राची लोकधारा'. गोंधळ, वासुदेव, कोळीनृत्य, मंगळागौर अशा गावोगावच्या कला त्यांनी मानाने शहरी रंगमंचावर आणल्या. त्यांत कोकणातील बाल्यानृत्यही होते. वाचकहो, बाल्यानृत्य म्हणजेच जाखडी, आणि जाखडी म्हणजे आपल्या पूर्वजांनी जहाजातून या बेटावर आणलेली झाकरी!

ही झाकरी आज कशी गायली जाते? मुले शब्द रोमन लिपीत लिहून पाठ करतात. अर्थ विचारला की गप्प बसतात. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना अर्थ सांगितलाच नाही. ज्यांना सर्व कडवी येतात असे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत.

आमची विनंती एवढीच: येत्या गणेशचतुर्थीपूर्वी प्रत्येक घराने एका आजोबांकडून किंवा आजीकडून एक झाकरी देवनागरीत, अर्थासह, उतरवून घ्यावी. शाहिरांनीही लोकांच्या तोंडची गाणीच वेचली होती.

मनखूलच्या मुलाला आम्ही आता पत्राने उत्तर पाठवीत आहोत. सोबत त्याच्या आजोबांची एक झाकरीही जाईल.