यादी कां अडखळते?

फोनवरील यादी सरकतांना अडखळली, कीं घरांतील वडील मंडळी जुन्या यंत्रास दोष देतात. परंतु पडदा सेकंदास ६० वेळां चित्र पालटीत असेल, तर ॲपला प्रत्येक चित्र रचण्यास अवघे १६.७ मिलिसेकंद मिळतात. हा अवधि उलटला, कीं जुनेंच चित्र पुन्हां दिसतें व डोळ्यांस हिसका जाणवतो. म्हणून सुज्ञ रचनाकार छायाचित्रें उलगडण्यासारखीं जड कामें बाजूस उरकतो; आणि वर सरकून दिसेनाशा झालेल्या ओळीची चौकट न मोडतां तींतच खालून येणारा मजकूर भरतो. पंगत उठल्यावर तेच पाट पुसून पुन्हां मांडावे, तसें हें! यास्तव, वाचकहो, नवा फोन घेण्यापूर्वीं दुसऱ्या ॲपांतील यादी सरकवून पाहावी. ती सुरळीत चालल्यास दोष बहुधा पहिल्या ॲपच्या रचनेचा समजावा.