वेग सांगा, पण फाइलीच्या मापात

इंटरनेटच्या जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असं ठळक छापलेलं असतं आणि घरी मोठी फाइल उतरवायला घेतली की पडद्यावर सेकंदाला जेमतेम १२ एमबी दिसतात. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. पहिला आकडा बिटांचा, दुसरा बाइटांचा. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा शंभराला आठने भागलं की साडेबारा उरतात. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट एवढी तरी खूण असते. मराठी जाहिरातीत तीही राहत नाही. ग्राहकाला वेग सांगायचा तर त्याच्या हातात सेकंदाला किती बाइट पडणार या एकाच मापात सांगितला पाहिजे, आणि दूरसंचार नियामक 'ट्राय'ने तसं बंधन घातलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आठने भागणं कुणालाही जमेल, मग बंधन कशाला, असं विचारलं जाईल. पण नुसतं आठने भागून भागत नाही, हे जुन्या यंत्रांचे आकडे एका मापात आणायला बसलं की लगेच कळतं. संगणकाचा जुना सीरियल पोर्ट सेकंदाला ९६०० बिट पाठवायचा. आठने भागलं तर १२०० बाइट. प्रत्यक्षात प्रत्येक बाइटाच्या आधी एक आणि शेवटी एक असे दोन बिट जास्तीचे जात, त्यामुळे पोचायचे ९६०. साटा हार्ड डिस्कचं पहिलं रूप दीड गिगाबिटचं. भागाकाराने १८७ एमबी येतात, पण तिथे आठ बिट धाडायला दहा खर्ची पडत, म्हणून कमाल १५०. त्याआधीची रुंद पट्टीची केबल १३३ एमबीपर्यंत पोचलेली होती, म्हणजे उडी दिसते त्याहून बरीच लहान. सीडी ड्राइव्हचा '५२ एक्स' हा तर फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेचा वेग. आतल्या कडेला तो निम्म्याहूनही खाली असे. आणि यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, फायरवायर ४००. तरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर फाइली हलवताना फायरवायरच बहुधा पुढे असे, कारण यूएसबीत प्रत्येक देवघेवीला संगणकाने विचारणा करावी लागे. मोठा आकडा पाहून खरेदी करणाऱ्याला हे कळायला मार्गच नव्हता.

याउलट फ्लॉपीचा हिशेब पाहा. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात १८ खंड वाचले जातात, प्रत्येक ५१२ बाइटांचा. गुणाकार केला की सेकंदाला ४६,०८० बाइट. दोन्ही बाजूंचे मिळून १६० माग, प्रत्येकी एक फेरा, म्हणून सगळी फ्लॉपी वाचायला निदान ३२ सेकंद. तेवढाच मजकूर ५६ केच्या मोडेमवर, फोनलाइन अगदी स्वच्छ असली तरी, साडेतीन मिनिटं घेई. सेकंद समोर ठेवले की शाळकरी मुलालाही तुलना करता येते.

हेच माप सरकारी व्याख्येला लावलं की चित्र बदलतं. २००४च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ केबीपीएस ठरवली, २०१३ मध्ये ती ५१२ झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ऐकायला आठपट प्रगती, आणि ती खरीही आहे. पण २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला अडीच लाख बाइट, आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातला 'टू एक्स' सीडी ड्राइव्ह सेकंदाला तीन लाखांहून अधिक वाचत असे. आज ज्याला कायद्याने ब्रॉडबँड म्हणता येतं, ते त्या ड्राइव्हहून संथ असू शकतं. 'केबीपीएस', 'एमबीपीएस' आणि 'एक्स' वेगवेगळ्या कप्प्यांत राहिले, म्हणून हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे. तारेला बाइट ठाऊक नसतो, ती बिटच वाहते, आणि एके काळी सहा किंवा नऊ बिटांचेही बाइट होते. जाळं आखणाऱ्यांनी बिटांतच मोजावं, त्याला माझी ना नाही. ग्राहक मात्र तार विकत घेत नाही. त्याला मुलाचा व्हिडिओ वर्ग, सातबाऱ्याची पीडीएफ आणि परीक्षेचा अर्ज वेळेत उघडायला हवा असतो. कंपन्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: हातात पडणारा वेग दर तासाला बदलतो, ग्राहकाचा राउटर जुना असतो, समोरचा सर्व्हर मंद असतो, मग आम्ही कशाची हमी द्यावी? गाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपण सोडवलेला आहे. पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थांच्या चाचणीतलं मायलेज रस्त्यावर तंतोतंत मिळत नाही, हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असतं. तरी चाचणी सर्वांना एकच असल्याने दोन गाड्यांची तुलना करता येते. इथेही तेच करावं. ट्रायने एक ठरावीक आकाराची फाइल निवडावी, समजा १०० एमबीची. ती रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळात, तारेने जोडलेल्या संगणकावर उतरवायला किती सेकंद लागले हे त्रयस्थ संस्थेकडून मोजून घ्यावं, आणि तो आकडा योजनेच्या किमतीशेजारी, किमतीइतक्याच मोठ्या टायपात छापायला लावावा.