लक्ष्मीकांत बेर्डे आधी रंगभूमीचे

संपादक महोदय,

लक्ष्मीकांत बेर्डे सिनेमाचे नट, मग त्यांच्या स्मरणार्थ मदतीसाठी नाट्यप्रयोग कशाला, हा आपल्या अंकातील सवाल वस्तुस्थितीला धरून नाही. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करत, लहानसहान भूमिका करत ते घडले. 'टूरटूर' हे नाटक १९८३चे, 'धूमधडाका' हा चित्रपट त्यानंतर १९८५चा. म्हणजे रंगभूमीने घडवलेला नट पडद्याने उचलला. पुढे 'शांतेचं कार्टं चालू आहे' हेही नाटकच. हसवून जमवलेला पैसा गंभीर कार्याला शोभत नाही, हा आक्षेप तर अन्यायाचाच. लोकांना हसवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतूनच १९८६मध्ये पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. आयोजकांनी हिशेब जाहीर करावा, एवढे मान्य. पण त्यासाठी प्रयोगच नकोत, हे पटत नाही.

एक नाट्यरसिक, बेटेगाव (जि. पालघर)